दुसऱ्याचे वेबपान आपल्या चौकटीत दाखवताना: कॉपीराइटच्या दृष्टीने काय काय तपासावे

एका लहानशा दिवाळी अंकाच्या संपादकांनी काही महिन्यांपूर्वी मला एका संकेतस्थळाचा पत्ता पाठवला आणि ‘हे जरा उघडून बघा’ एवढेच लिहिले. पान उघडले, तेव्हा वरती तिसऱ्याच कोणाचे ठळक नाव होते, उजव्या कडेला दागिन्यांच्या आणि क्लासेसच्या जाहिराती होत्या, आणि मधल्या चौकटीत त्या संपादकांच्याच अंकातली एक कथा होती. चौकटीला स्वतःचा वेगळा स्क्रोलबार होता. तो खाली ओढला की कथा सरकत होती आणि जाहिराती जागच्या जागी राहत होत्या. ॲड्रेस बारमध्ये अंकाचे नाव कुठेच नव्हते. संपादकांनी विचारणा केली, तेव्हा त्या मंडळींनी कळवले की आम्ही आपले एक अक्षरही उचललेले नाही, पान आपल्याच सर्व्हरवरून येते. हे तांत्रिकदृष्ट्या खरे होते. तरीही संपादकांची तक्रार रास्त होती. ती रास्त का होती, आणि उद्या आपल्यालाच कोणाचा मजकूर चौकटीत दाखवायचा झाला तर कोणत्या क्रमाने काय पाहावे, हे येथे सविस्तर मांडत आहे.

पायरी पहिली: पडद्यामागे नेमके काय घडते ते पाहा

‘आमचा मजकूर त्यांच्या साइटवर दिसतो’ या एका वाक्याखाली चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. साधी लिंक असेल, तर वाचक क्लिक करतो आणि मूळ पानावर जातो. थेट जोडलेले चित्र असेल, तर दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे एकच छायाचित्र आपल्या लेखाच्या मध्ये येऊन बसते. याला हॉटलिंकिंग म्हणतात. आयफ्रेम असेल, तर दुसऱ्याचे अख्खे पान किंवा त्याचा एखादा तुकडा आपल्या पानातल्या एका खिडकीत उघडतो, परंतु फाइल मूळ सर्व्हरवरूनच वाचकाच्या ब्राउझरमध्ये येते. चौथा प्रकार म्हणजे सरळ प्रत: मजकूर उतरवून घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे, किंवा मध्ये एक प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, बसवून तिच्यामार्फत तो वाचकाला पुरवणे.

यांतला कोणता प्रकार आहे हे ओळखायला दोन मिनिटे पुरतात. संगणकावर क्रोममध्ये त्या मजकुरावर उजवे क्लिक केल्यावर यादीत ‘व्ह्यू फ्रेम सोर्स’ असा पर्याय आला, तर ती चौकट आहे. त्यानंतर एफ-१२ दाबून नेटवर्क विभाग उघडावा आणि पान पुन्हा लोड करावे; कोणती फाइल कोणत्या पत्त्यावरून येते, हे ओळीने दिसते. स्वतःच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे भेटींच्या नोंदवहीतही खूण सापडते. चौकटीतून आलेल्या प्रत्येक भेटीच्या नोंदीत ‘रेफरर’ म्हणून सहसा त्या दुसऱ्या संकेतस्थळाचे नाव असते, मात्र आजचे ब्राउझर बहुधा पूर्ण पत्ता न देता केवळ डोमेनचे नाव पाठवतात.

हा फरक आधी पक्का करणे आवश्यक आहे, कारण प्रत असेल तर कायद्याचा प्रश्न सोपा आहे. चौकट असेल तर तो अवघड होतो, आणि चुकीचा आरोप करणारे पत्र पहिल्याच उत्तरात निष्प्रभ ठरते.

पायरी दुसरी: भारतीय कायदा ‘प्रत’ या एकाच शब्दावर थांबत नाही

कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये आयफ्रेमसाठी वेगळे कलम नाही. उत्तर सर्वसाधारण कलमांतूनच काढावे लागते. कलम १४ लेखकाला किंवा हक्कधारकाला अनेक हक्क देते. त्यांत कृतीची प्रत काढणे आणि ती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हा एक हक्क आहे, आणि कृती लोकांपर्यंत पोहोचवणे, म्हणजे ज्याला कायदा ‘जनतेस संसूचित करणे’ म्हणतो, हा दुसरा व स्वतंत्र हक्क आहे. ‘आम्ही प्रत काढली नाही’ हे उत्तर पहिल्या हक्काला लागू पडते. दुसऱ्या हक्काला ते पुरे पडत नाही.

कलम २ मधील ‘एफएफ’ या खंडात या दुसऱ्या संकल्पनेची व्याख्या आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचा आवाका मोठा झालेला आहे. कृती कोणत्याही प्रदर्शनाच्या किंवा प्रसारणाच्या साधनाने लोकांना पाहता, ऐकता किंवा अन्य प्रकारे आस्वादता येईल अशी उपलब्ध करणे, मग प्रत्यक्षात कोणी ती पाहो वा न पाहो, हे सारे त्या व्याख्येत बसते. फाइल कोणाच्या सर्व्हरवर आहे, हा प्रश्न त्या व्याख्येच्या शब्दांत येतच नाही. ‘प्रदर्शनाचे कोणतेही साधन’ हे शब्द वाचल्यावर, जाहिरातींच्या मध्ये बसवलेली चौकट त्यात येणारच नाही असे म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते. उलट बाजूनेही युक्तिवाद होतो आणि तो प्रामाणिकपणे समजून घ्यावा: मजकूर मालकानेच जगाला खुला केलेला आहे, चौकटकाराने केवळ वाट दाखवली, आणि मालकाने मूळ पान काढून टाकले की चौकटही आपोआप रिकामी होते.

याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक सवलत आणली. इलेक्ट्रॉनिक दुवे, प्रवेश किंवा एकत्रीकरण पुरवण्यासाठी होणारी क्षणिक वा आनुषंगिक साठवण हा भंग समजला जात नाही. मात्र हक्कधारकाने तशा वापरास स्पष्ट मनाई केलेली नसावी, आणि ती साठवण बेकायदा प्रतीची आहे हे संबंधित व्यक्तीला माहीत नसावे किंवा तसे मानण्यास सबळ कारण नसावे. ‘स्पष्ट मनाई’ हे शब्द मालकाने लक्षात ठेवावेत, कारण आपल्या साइटच्या अटींत एक वाक्य घातल्याने त्याची बाजू किती बळकट होते ते यातून कळते. ही सवलत क्षणिक साठवणीपुरती आहे, हे चौकटकारानेही विसरू नये.

याशिवाय कलम ५७ लेखकाचे विशेष हक्क सांभाळते. कृतीवरचे आपले नाव कायम राहावे आणि तिची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाधा येऊ नये, असा दावा लेखक करू शकतो, आणि त्याने कॉपीराइट दुसऱ्याला लिहून दिला असला तरीही हा हक्क त्याच्याकडेच राहतो. चौकटीची उंची अशी ठेवली की कवितेवरचे कवीचे नावच कापले जाते, तर तक्रार इथून सुरू होऊ शकते. अंकाचे नाव झाकून आपले नाव वर मिरवले, तर व्यापारचिन्हाचा आणि ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपवण्याचा मुद्दाही उभा राहतो.

पायरी तिसरी: वाचक कोणत्या देशात आहेत ते पाहा, कारण परदेशी न्यायालयांची उत्तरे वेगवेगळी आहेत

न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी मंडळाची साइट तिथल्या कायद्याखाली येते, आणि इथल्या वकिलांचे युक्तिवादही बहुधा याच निकालांवर उभे असतात. म्हणून ही पायरी वगळू नये.

वाद जवळजवळ वेबइतकाच जुना आहे. नेटस्केपने १९९६ च्या सुमारास चौकटी रूढ केल्या, आणि १९९७ मध्येच वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएन, डाऊ जोन्स, रॉयटर्स आदींनी ‘टोटल न्यूज’ या संकेतस्थळावर न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. ती साइट या वृत्तसंस्थांची पाने स्वतःच्या चौकटीत, स्वतःच्या जाहिरातींसह दाखवत होती. निकाल लागण्यापूर्वीच त्याच वर्षी तडजोड झाली: चौकटी बंद, साध्या अक्षरांतल्या लिंक चालतील. न्यायालयाचे मत मिळाले नाही, पण व्यवहारात कोणता तोडगा दोन्ही पक्षांना मान्य होतो ते तेव्हाच दिसले.

पुढे अमेरिकेत ‘सर्व्हर कसोटी’ आली. ‘परफेक्ट टेन’ विरुद्ध अमेझॉन या प्रकरणात नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्यात येते त्या विभागाच्या) अपील न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले की, चित्राची प्रत ज्याच्या सर्व्हरवर साठवलेली आहे तोच ते प्रदर्शित करतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवरचे चित्र चौकटीत दाखवणारा केवळ पत्ता पुरवतो. न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयातील काही न्यायाधीशांनी ही कसोटी नाकारली. २०१८ मध्ये, ट्विटरवर इतरांनी टाकलेले टॉम ब्रेडी या खेळाडूचे छायाचित्र वृत्तसंकेतस्थळांनी एम्बेड केले, म्हणजे ट्विटरवरूनच आपल्या पानात दाखवले, तेव्हा सर्व्हर कोणाचा हा प्रश्न निर्णायक नाही असे तिथे ठरले. २०२१ मध्ये उपासमारीने खंगलेल्या ध्रुवीय अस्वलाच्या व्हिडिओबाबतही तसाच निर्णय झाला. उलट २०२३ मध्ये इन्स्टाग्रामविरुद्धच्या हन्ले प्रकरणात नवव्या सर्किटने आपली जुनी कसोटी कायम ठेवली. म्हणजे एकाच देशात कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क यांची उत्तरे जुळत नाहीत.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने सर्व्हरऐवजी वाचकवर्गाकडे पाहिले. स्वेन्सन (२०१४) आणि त्याच वर्षीच्या बेस्टवॉटर प्रकरणात न्यायालयाचे म्हणणे असे की, मालकाच्या परवानगीने सर्वांना मोफत खुला असलेला मजकूर लिंकने किंवा चौकटीने दाखवला, तर त्याला नवा वाचकवर्ग मिळत नाही, म्हणून भंग होत नाही. २०१६ च्या जीएस मीडिया निकालाने त्याला मर्यादा घातली: मूळ प्रतच बेकायदा असेल आणि आपण नफ्यासाठी दुवा देत असाल, तर आपल्याला ते माहीत होते असे गृहीत धरले जाईल. आणि ९ मार्च २०२१ रोजी, जर्मनीच्या डिजिटल ग्रंथालयातील थंबनेलवरून, म्हणजे चित्रांच्या छोट्या आवृत्त्यांवरून, उद्भवलेल्या ‘फाउ-गे बिल्ड-कुन्स्ट’ प्रकरणात, हक्कधारकाने फ्रेमिंग (चौकटीत दाखवणे) रोखणारा परिणामकारक तांत्रिक उपाय केला असेल आणि तो डावलून चौकट लावली, तर ते नव्या वाचकवर्गापर्यंत पोहोचवणे ठरते आणि परवानगी लागते, असा निर्णय झाला. या सगळ्यांत मला हाच निकाल सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो मालकाला एक स्पष्ट काम सांगतो: कुलूप लावा. ते कसे, ते पुढे येते.

पायरी चौथी: चौकट लावण्यापूर्वीची तपासणी आणि परवानगीचे पत्र

पहिला प्रश्न स्रोताचा. जे पान आपण दाखवणार आहोत, तिथे तो मजकूर हक्कधारकाच्या संमतीने आहे का? कोणा चाहत्याने चढवलेले अख्खे नाटक आपल्या मंडळाच्या पानावर एम्बेड केले, तर मूळ भंग दुसऱ्याचा असला तरी ‘सबळ कारण’ या शब्दांनी आपण अडचणीत येतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट चालतो, त्यामुळे जुन्या कवींच्या रचना मुक्त झालेल्या असतात. पण त्याच पानावरची नवी प्रस्तावना, टिपा आणि रेखाटने मुक्त नसतात, आणि चौकट हे सगळे एकत्रच दाखवते.

दुसरा प्रश्न देऊ केलेल्या सोयीचा. यूट्यूबवर व्हिडिओ चढवणाऱ्याला एम्बेडिंग बंद ठेवता येते. ज्याने ते चालू ठेवले आहे, त्याचा व्हिडिओ यूट्यूबच्याच प्लेअरमधून दाखवणे हे सेवेच्या अटींना धरून आहे. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या नकाशांनाही एम्बेडचा तयार कोड मिळतो. श्रेयाची ओळ तेवढी झाकू नये. इन्स्टाग्रामबाबत सावध राहावे, कारण एम्बेडची सोय दिली म्हणजे छायाचित्रकाराची परवानगीही दिली असे होत नाही, हे त्या कंपनीने २०२० मध्येच स्पष्ट केले होते.

वृत्तपत्राचे पान, एखाद्याचा ब्लॉग, अंकातली कथा, शिक्षकाने बनवलेली टिपणे यांच्यासाठी अशी सोय नसते, तेव्हा पत्र लिहावे. ‘आपला लेख आवडला, आमच्या साइटवर घेऊ का?’ असे मोघम पत्र कामाचे नाही, कारण समोरच्याला लिंक वाटते आणि आपण चौकट लावतो. मी पुढीलप्रमाणे लिहायला सांगतो: ‘आपल्या संकेतस्थळावरील अमुक पत्त्यावरचे पान आम्ही आमच्या तमुक पानावर आयफ्रेममध्ये दाखवू इच्छितो. फाइल आपल्याच सर्व्हरवर राहील. आम्ही प्रत ठेवणार नाही. चौकटीच्या वर आपल्या संस्थेचे व लेखकाचे नाव आणि मूळ पानाची लिंक राहील. त्या पानावर आमची कोणतीही जाहिरात नसेल. ही परवानगी एक वर्षासाठी असावी, आणि आपण कधीही कळवल्यास तीन दिवसांत आम्ही चौकट काढू.’ सोबत पान कसे दिसेल त्याचा स्क्रीनशॉट जोडावा. कायद्यातल्या परवान्याचे स्वरूप लेखी असते, म्हणून फोनवरच्या होकारावर न थांबता ईमेलचे उत्तर मिळवावे. ते उत्तर देणारी व्यक्ती खरोखर हक्कधारक आहे ना, हेही विचारावे. कारण पुष्कळ अंकांत कथेचा कॉपीराइट लेखकाकडेच असतो आणि संपादकांना केवळ प्रकाशनाचा हक्क असतो.

उत्तर आले नाही, तर लिंक द्यावी आणि दोन वाक्यांत त्या पानाचा परिचय लिहावा. परीक्षण किंवा टीका करायची असेल, तर कलम ५२ मधील रास्त वापराची सवलत आवश्यक तेवढ्या उताऱ्याला मिळू शकते. मात्र अख्खे पान चौकटीत घेऊन खाली ‘परीक्षण’ म्हणून एक ओळ लिहिल्याने ती मिळेल, असे मानू नये.

पायरी पाचवी: परवानगी मिळाल्यावर चौकट कशी बांधावी

चौकटीच्या आत नव्हे, तर तिच्या वर, स्वतःच्या पानावर श्रेय लिहावे. मूळ पानाचा वरचा भाग, लेखकाचे नाव किंवा त्यांच्या जाहिराती झाकतील अशी मापे ठेवू नयेत. मोबाइलवर उघडून पाहावे, कारण संगणकावर दिसणारे नाव लहान पडद्यावर हमखास कापले जाते. आतल्या लिंक नव्या टॅबमध्ये, म्हणजे चौकटीबाहेर उघडाव्यात अशी मालकाला विनंती करता येते.

चौकट रिकामी येऊन ‘रिफ्यूज्ड टू कनेक्ट’ असा संदेश दिसला, तर मालकाने फ्रेमिंग बंद केलेले आहे असे समजावे आणि तिथेच थांबावे. असा अडथळा ओलांडण्यासाठी प्रॉक्सी वापरण्याचे सल्ले नवशिक्या डेव्हलपरना सर्रास मिळतात, आणि ते मला चिंताजनक वाटतात. प्रॉक्सी लावताच मजकूर आपल्या सर्व्हरमधून जाऊ लागतो, ‘आम्ही प्रत काढली नाही’ हा एकमेव आधारही हातचा जातो, आणि भंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडल्याबद्दल कलम ६५-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे.

पायरी सहावी: आपलेच पान दुसऱ्याच्या चौकटीत दिसले तर

आधी पुरावा, मग कुलूप, मग पत्र, हा क्रम मोडू नये. कुलूप आधी लावले, तर चौकट रिकामी होते आणि दाखवायला काही उरत नाही. पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, पानाचा सोर्स जतन करावा, लॉगमधील नोंदी बाजूला काढाव्यात. प्रकरण न्यायालयात जाण्याची शक्यता असेल, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा, लिहावी लागते. म्हणून मूळ फाइली व्हॉट्सॲपवरून न फिरवता जशाच्या तशा ठेवाव्यात.

कुलूप म्हणजे सर्व्हरने पानासोबत पाठवायचे दोन हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीच्या सूचना. ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ या जुन्या हेडरला ‘डिनाय’ किंवा ‘सेमओरिजिन’ ही किंमत देता येते: पहिलीने कोणालाच चौकट लावता येत नाही, दुसरीने केवळ आपल्याच साइटला. नवा मार्ग म्हणजे ‘कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी’मधील ‘फ्रेम-अँसेस्टर्स’ हा निर्देश; त्यात परवानगी दिलेल्या साइटची नावे एकेक करून लिहिता येतात. पुष्कळ जण हे पानाच्या मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्याच कोडमधील माहितीच्या ओळीत, लिहितात आणि निर्धास्त होतात, परंतु तिथे दोन्हींचा काहीही परिणाम होत नाही. ते सर्व्हरच्या हेडरमध्येच हवे. सोबत वापराच्या अटींत ‘लेखी परवानगीशिवाय हे पान चौकटीत दाखवण्यास मनाई आहे’ हे वाक्य मराठीत आणि इंग्रजीत घालावे.

पत्रात ‘चोरी’ हा शब्द टाळावा. कोणते पान, केव्हापासून, आपला हक्क कशावरून, आणि आपल्याला काय हवे, एवढेच लिहावे. साठवण झालेली असेल, तर कलम ५२ आणि कॉपीराइट नियम, २०१३ मधील नियम ७५ यांनुसार लेखी तक्रार करता येते: ती मिळाल्यावर समोरच्याने ३६ तासांत प्रवेश थांबवायचा असतो, आणि आपण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणू असे वचन तक्रारीतच द्यावे लागते. ते वचन पाळायची तयारी नसेल, तर ही वाट धरू नये. कलम ६० नुसार निराधार धमकीबद्दल समोरचाही दावा लावू शकतो, म्हणून नोटीस वकिलांकडून तपासून घेतलेली बरी. दावा करण्याची वेळ आलीच, तर कलम ६२ मुळे तक्रारदाराला तो स्वतः राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात जाता येते. सांगलीतल्या अंकाला त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही.

दिवाळी अंकाच्या प्रकरणात एवढी पाळी आली नाही. संपादकांनी पाच स्क्रीनशॉट आणि एका पानाचे पत्र पाठवले, आणि आठवड्याभरात त्या साइटवर चौकटीच्या जागी कथेचे नाव, लेखिकेचे नाव, दोन ओळींचा परिचय आणि लिंक आली. त्यानंतर हेडर बसवताना संपादकांनी ‘फ्रेम-अँसेस्टर्स’च्या यादीत एकच बाहेरचे नाव लिहायला सांगितले: ज्या सार्वजनिक वाचनालयाने आपल्या संगणककक्षातील वाचकांसाठी अंक चौकटीत दाखवण्याची परवानगी आधीच लेखी मागितली होती, त्याचे.